लावलेल्या आगीची जबाबदारी

खानदेशात कपाशीचा हंगाम सुरू असताना कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यातला माणूस प्रशिक्षणासाठी मोकळा सापडत नाही. दसऱ्याच्या सुमारास सुरू झालेले कारखाने मार्चपर्यंत रात्रंदिवस चालतात आणि आगी लागण्याचा काळही नेमका तोच असतो. कापसातून आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासला, की उडालेली ठिणगी रुईत दडून बसते आणि हवेच्या झोताबरोबर पुढच्या ढिगापर्यंत पोहोचते. म्हणूनच धरणगाव-एरंडोल पट्ट्यातील काही कारखान्यांची आग-प्रतिसाद पथके आणि जवळच्या एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलात नव्याने भरती झालेले जवान यांचा प्रत्यक्ष आगीसह एकत्र सराव घ्यायचे ठरले, तेव्हा हंगाम संपल्यानंतरच्या एप्रिलशिवाय पर्याय उरला नाही. १९४४ साली मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात ६६ अग्निशामकांना प्राण गमवावे लागले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. हा सरावही त्या सप्ताहातच व्हावा, अशी सर्वांची इच्छा होती. ती इच्छा योग्यच होती. पण त्या दिवसांत आमच्याकडे दुपारचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि जाड संरक्षक पोशाखातल्या माणसासाठी तो आकडा धोक्याचा असतो.

या सरावाचा सुरक्षा अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली. हे काम नेमके काय असते, ते सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे ते बहुधा प्रशिक्षकाच्याच गळ्यात घातले जाते. सुरक्षा अधिकाऱ्याने शिकवायचे नसते, होज (पाणी मारायची लवचीक नळी) धरायचा नसतो, आग पेटवायची नसते आणि पाहुण्यांची सरबराईही करायची नसते. त्याने फक्त पाहायचे आणि गरज पडली की थांबवायचे. प्रशिक्षकाचे लक्ष विद्यार्थ्याच्या हातांकडे असते. तोच माणूस त्याच क्षणी छताकडे, वाऱ्याकडे आणि पंपाच्या दाबाकडे पाहू शकत नाही. म्हणून नेमणूक स्वीकारताना मी एकच अट घातली. मी ‘थांबा’ म्हटल्यानंतर कोणाचाही हुद्दा त्याच्या आड येता कामा नये, आणि हाच अधिकार मैदानावरच्या प्रत्येकाला असावा, मग तो काल भरती झालेला जवान का असेना.

या आग्रहामागे एक साधा विचार आहे. खऱ्या आगीत जवान धुरात शिरतो, तेव्हा त्याने पत्करलेल्या जोखमीच्या बदल्यात कुणाचा तरी जीव वाचण्याची शक्यता असते. सरावात दुसऱ्या पारड्यात काहीच नसते. आग आपणच लावलेली असते, इमारत आपण निवडलेली असते, आत कोणी अडकलेले नसते आणि घाई करण्याचे कसलेही कारण नसते. त्यामुळे सरावात जो धोका उरतो तो आपणच आत नेलेला असतो, आणि तो बाहेर ठेवणे शक्य असूनही आत राहिला तर त्याला अपघात म्हणणे मला पटत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे १९८२ साली अशाच सरावात दोन अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९८६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेने प्रत्यक्ष आगीच्या सरावासाठी १४०३ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. मानक हाताशी असतानाही २००७ साली बाल्टिमोरमध्ये एका रिकाम्या घरात एकाच वेळी अनेक ठिकाणी आगी लावण्यात आल्या आणि एका प्रशिक्षणार्थी महिलेचा बळी गेला. आमच्या सरावासाठी मी त्या मानकाचा आधार घेतला; मात्र त्यातले प्रत्येक कलम इथल्या उन्हात, इथल्या इमारतींत आणि इथल्या साधनांत कसे बसते, हे जागेवर जाऊनच ठरवावे लागले.

सरावासाठी बंद पडलेल्या एका जिनिंग कारखान्याचे आवार मिळाले होते. सर्वांच्या मनात तिथले मोठे गोदाम होते, कारण ते उंच, ऐसपैस आणि रस्त्यावरून दिसणारे होते. मी ते पहिल्याच पाहणीत नाकारले. त्याच्या छपरावर सिमेंटचे जुने पत्रे होते. असे पत्रे तापले की तडतडून फुटतात, त्यांचे धारदार तुकडे वेगाने उडतात आणि त्यातले ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात ते वेगळेच. शिवाय छताच्या लोखंडी कैच्यांचे काही सांधे गंजून पोकळ झाले होते. पोलाद साधारण ५५० अंशांपर्यंत तापले की त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि इथे ती मुळातच किती उरली आहे हे कोणीही सांगू शकत नव्हते.

गोदामाऐवजी आम्ही कारखान्याचे दोन खोल्यांचे जुने ऑफिस निवडले. विटांच्या भिंती, वर स्लॅब, समोरासमोर दोन दरवाजे आणि दोन्ही बाजूंना खिडक्या असलेली ती बुटकी इमारत दिसायला सामान्य होती. पण आत गेलेल्या माणसाला कुठूनही चार पावलांत बाहेर येता येत होते, आणि माझ्या दृष्टीने तेच महत्त्वाचे होते. खिडक्यांचे गज कापून टाकले. लाकडी फळ्या, प्लास्टिकचे छत, वायरी, जुने रेक्झिनचे सोफे, सगळे बाहेर काढले. मग मी आणि नगरपालिकेचे स्थापत्य अभियंता, आम्ही शिडीवर चढून स्लॅबचा प्रत्येक हात-दोन हात भाग हातोडीने ठोकून पाहिला. जिथे खणखणीत आवाज आला ती जागा सोडली आणि जिथे भद्द आवाज आला तिथे खडूने गोल केला. दुसऱ्या खोलीच्या कोपऱ्यात असे गोल एकमेकांना चिकटून आले. तिथला गिलावा खरवडताच आतली सळई गंजून फुगलेली दिसली. त्या खोलीत आग लावायची नाही आणि कोणी थांबायचेही नाही, तिचा उपयोग फक्त बाहेर पडण्याच्या वाटेपुरता करायचा, आणि तीही वाट उलट्या बाजूच्या भिंतीला धरून, असे तिथल्या तिथे ठरले.

आवारातले इतर धोके आगीशी संबंध नसलेले होते, आणि माझ्या अनुभवाने असेच धोके नजरेतून सुटतात. मागच्या बाजूला कठडा नसलेली एक विहीर होती. धुरातून डोळे चोळत बाहेर पडलेला जवान त्या बाजूला वळला असता तर काय झाले असते, हे सांगायला नको. तिच्याभोवती बल्ल्या रोवून पत्रे ठोकले आणि त्या बाजूला एक माणूस कायम उभा केला. आवारावरून ११ केव्हीची वीजवाहिनी जात होती. महावितरणकडून लेखी शटडाऊन घेतला आणि त्यांच्या कर्मचाऱ्याने वाहिनी जमिनीशी जोडल्याचे डोळ्यांनी पाहिल्यावरच शिडी उभी करू दिली. तिसरा धोका मात्र मला दिसलाच नसता. फाटकाजवळच्या जुन्या चिंचेकडे पाहत मी उभा असताना तिथले वृद्ध रखवालदार आप्पा जवळ आले आणि म्हणाले, “साहेब, त्या चिंचले आग्या मोहोळ शे.” वर पाहिले, तर जाड फांदीखाली सुपाएवढे काळे पोळे लटकत होते. धुराने उठलेल्या आग्या माश्या माणसाचा दूरवर पाठलाग करतात, आणि हेल्मेट-मास्क घातलेल्या जवानाला त्या एकदा पोशाखात शिरल्या की त्यांना झटकताही येत नाही. पोळे जाळून टाकावे अशी सूचना आली, ती मला मान्य नव्हती. माश्या उठवून त्यांच्याच जागेत सराव करणे शहाणपणाचे नव्हते आणि न्याय्यही नव्हते. जंगलातून मध काढणाऱ्या जाणत्या माणसाच्या सल्ल्याने आम्ही बंबांची जागा बदलली आणि वारा चिंचेकडे वाहू लागला की आग लावायची नाही, हा नियम लिहून ठेवला. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून बांबूच्या टोकाला रुईच्या पेळूची लांब दोरी बांधली. अगदी मंद झुळुकीनेही ती हलत असे.

काय जाळायचे, यावरून बराच वाद झाला. दलातल्या एका अनुभवी चालकांचे म्हणणे होते, “साहेब, दोन लिटर डिझेल मारल्याशिवाय आग दिसण्यासारखी होत नाही.” हे म्हणणे मी अनेक ठिकाणी ऐकले आहे. ते बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याने आयुष्यभर तसेच पाहिलेले असते. परंतु इमारतीच्या आत ज्वलनशील द्रव वापरला, की आगीचा वेग आपल्या हातात राहत नाही. द्रवाची वाफ खोलीभर पसरते आणि काडी ओढणाऱ्यालाच पहिला भडका बसतो. टायर, गाद्या, प्लास्टिक आणि रंगवलेले लाकूड यांच्या धुरात काय काय असते ते मोजायची सोय आपल्याकडे नाही, त्यामुळे तेही बाद केले. कोणीतरी कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वेचणीनंतर उरलेली वाळकी झाडे, सुचवल्या. त्या खानदेशात फुकट मिळतात आणि धडाडून पेटतात. पण कपाशीवर हंगामभर होणाऱ्या फवारण्यांचा अंश त्यांत किती राहिला असेल याची खात्री नसल्यामुळे मी त्यांनाही नकार दिला. शेवटी कोरडे, रंग न दिलेले लाकूड आणि ज्वारीचा कडबा एवढेच घ्यायचे ठरले, तेही तराजूवर तोलून. आदल्या दिवशी पहाटे प्रशिक्षार्थी नसताना फक्त प्रशिक्षकांनी पूर्ण पोशाखात चाचणीची आग लावून पाहिली. पहिल्या वजनाला धूर गुडघ्यापर्यंत उतरला, म्हणून वजन कमी केले. छताखालचे वायू ५००-६०० अंशांवर पोहोचले, की खोलीतल्या सगळ्या वस्तू जवळजवळ एकदम पेट घेतात. त्या टप्प्याच्या जवळपासही जायचे नाही, हे ठरवण्यासाठी ही चाचणी होती. जाळण्याचे साहित्य एका कोपऱ्यात, दोन्ही दरवाज्यांपासून लांब रचायचे, एका वेळी एकच आग, आणि ती पेटवणाऱ्या प्रशिक्षकाजवळ भरलेला होज घेऊन दुसरा माणूस उभा, अशी पद्धत पक्की झाली.

पाण्याचा हिशेब मी फळ्यावर सर्वांसमोर मांडला, कारण बंब भरलेला दिसला की पाणी पुष्कळ आहे असे सर्वांना वाटते. ब्रांचच्या, म्हणजे होजच्या टोकाला धार सोडणाऱ्या नळीच्या, तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा, त्याला बार या एककातील दाबाच्या वर्गमुळाने गुणायचे आणि आलेल्या संख्येचे दोन तृतीयांश घ्यायचे, की मिनिटाला किती लिटर पाणी जाते ते कळते. २० मिलिमीटरच्या तोंडातून ७ बार दाबाने मिनिटाला साधारण ७०० लिटर पाणी जाते, म्हणजे ५,००० लिटरचा बंब सात मिनिटांत रिकामा होतो. १२ मिलिमीटरचे तोंड आणि ४ बार दाब घेतला, तर मिनिटाला १९० लिटरच्या आसपास पाणी लागते आणि तोच बंब पंचवीस मिनिटांहून अधिक पुरतो. आमच्या छोट्या खोलीसाठी दुसरा पर्याय पुरेसा होता. आत जाणाऱ्या पथकाचा होज एका बंबाला आणि त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या राखीव पथकाचा होज आवारातल्या हौदावर लावलेल्या दुसऱ्या पंपाला जोडला. दोन्ही होज एकाच पंपावर असतील तर राखीव पथक केवळ नावापुरते राहते; पंप बंद पडला की दोन्हींचे पाणी एकदमच जाते.

उन्हाचा प्रश्न सर्वांत अवघड होता, कारण तो डोळ्यांना दिसत नाही आणि जवान त्याबद्दल बोलतही नाही. संरक्षक पोशाख बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तशी शरीराची उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. घाम येतो, पण वाळत नाही. बाहेर येऊन बसल्यावरही शरीराचे आतले तापमान काही वेळ चढतच राहते, आणि ते ४० अंशांच्या वर जाऊन माणूस बरळू लागला तर तो उष्माघात असतो. अशा वेळी आधी जागेवर थंड पाण्याने अंग गार करायचे आणि मग दवाखान्यात न्यायचे, हा क्रम उलटला तर जीव जाऊ शकतो. म्हणून आम्ही उजाडताच सुरुवात आणि ऊन चढायच्या आत शेवट, असे वेळापत्रक केले. उद्घाटनासाठी प्रमुख पाहुणे दहा वाजता येणार होते; त्यांना मी स्वतः भेटून कारण सांगितले आणि त्यांनी मोठ्या मनाने संध्याकाळच्या प्रमाणपत्र वाटपाला येण्याचे मान्य केले.

सकाळी पोशाख चढवण्यापूर्वी प्रत्येकाची नाडी, रक्तदाब आणि तापमान पाहिले गेले. रात्री झोप झाली का, पोटात काही आहे का, कालपर्यंत ताप होता का, हे प्रश्न डॉक्टरांनी एकेकट्याला बाजूला घेऊन विचारले. चैत्रात आमच्या भागातून सप्तशृंगगडाला पायी जाणाऱ्यांची रीघ लागलेली असते आणि अनेक घरांत उपवास असतात. उपाशी असलेल्या दोन जवानांनी ते गटासमोर कदाचित सांगितले नसते. त्यांना त्या दिवशी नोंदींचे काम दिले. एका जवानाने नवसाची दाढी राखली होती. पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणाऱ्या श्वसनयंत्राच्या मास्कची कड गालाला घट्ट बसावी लागते; मध्ये केस आले की फटीतून धूर आत येतो. त्याच्या नवसाचा मान राखून आम्ही त्याला पंपावर नेमले, आणि त्याने ते काम मन लावून केले. कारखान्यांच्या पथकातल्या कामगारांना श्वसनयंत्राचे प्रशिक्षण मिळालेले नव्हते. त्यांची आत जाण्याची हौस मी समजू शकत होतो, पण त्यांना केवळ बाहेरून होज चालवणे आणि गाठी फोडणे एवढेच काम दिले. धुरात शिरण्याची पहिली वेळ आणि श्वसनयंत्र वापरण्याची पहिली वेळ एकच असू नये.

गावाला आधी कळवणे हाही सुरक्षेचाच भाग होता. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याच्या अफवेने प्रवासी रुळावर उतरले आणि शेजारून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडून दहाहून अधिक जण दगावले. आग नसतानाही नुसता ‘आग’ हा शब्द काय करतो, ते जळगाव जिल्ह्याने पाहिले आहे. म्हणून आदल्या संध्याकाळी दवंडी दिली, ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिले, पोलीस पाटलांना सांगितले आणि सरावाच्या दिवशी प्रत्येक बिनतारी संदेशाच्या सुरुवातीला व शेवटी ‘सराव’ हा शब्द उच्चारायचा नियम केला. खरोखर कोणी जखमी झाले तर वापरायचा शब्द वेगळा ठेवला, म्हणजे खरी हाक सरावाच्या गोंधळात हरवणार नाही.

गावातले एक-दोन तरुण आत अडकलेल्या माणसाची भूमिका करायला तयार होते. त्यांचा उत्साह चांगला होता, पण यात मी एका शब्दानेही माघार घेतली नाही. न्यूयॉर्क राज्यात २००१ साली अशीच भूमिका करणारा १९ वर्षांचा स्वयंसेवक सरावाच्या आगीत मरण पावला आणि सराव चालवणाऱ्या अधिकाऱ्यावर फौजदारी गुन्हा सिद्ध झाला. आपल्याकडेही जुलै २०१८ मध्ये कोइमतूरजवळच्या एका महाविद्यालयात आपत्ती व्यवस्थापनाच्या सरावादरम्यान दुसऱ्या मजल्यावरून खाली पडून एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. आम्ही जुन्या दंगरीची पँट आणि शर्ट शिवून त्यात वाळू व चिंध्या भरल्या आणि साठ किलोंचा बाहुला तयार केला. निर्जीव ओझे ओढताना जी दमछाक होते ती शिकायला तो पुरेसा आहे.

सरावाच्या दिवशी आग लावण्यापूर्वी प्रत्येक गटाला इमारतीतून उजेडात फिरवून आणले: हा आत जाण्याचा दरवाजा, हा बाहेर पडण्याचा, ही खडूने आखलेली बाजू जिथे थांबायचे नाही. थांबण्याचा इशारा म्हणजे बंबाच्या सायरनचे तीन लांब आवाज. तो वाजवून दाखवला आणि तो ऐकताच सगळ्यांनी बाहेर येऊन शिसवाच्या झाडाखाली जमण्याची तालीमही घेतली. पाच प्रशिक्षार्थींमागे एक प्रशिक्षक होता. दाराशी एक फळा आणि त्यावर पितळी बिल्ले. आत जाताना जवानाने आपला बिल्ला अडकवायचा, फळ्यावरचा माणूस नाव, सिलिंडरचा दाब आणि वेळ लिहिणार. ३०० बारला भरलेल्या सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये १,८०० लिटर हवा असते. शांतपणे काम करणाऱ्याला मिनिटाला ४० लिटर लागतात, तेव्हा ती पाऊण तास पुरते. पण घाबरलेला किंवा ओझे ओढणारा माणूस त्याच्या दुप्पट हवा ओढतो. सूचनेची शिटी ५५ बारच्या आसपास वाजते, त्या वेळी उरलेली हवा अशा माणसाला चार मिनिटेच पुरते. म्हणून शिटीची वाट न पाहता १२० बारला बाहेर यायचे, असे फळ्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते.

पहिल्या दोन गटांचे काम नीट झाले. आत जाण्यापूर्वी गुडघ्यावर बसणे, दार हातमोज्याच्या पाठीने चाचपणे, धुराच्या वरच्या तापलेल्या थरात पाण्याचा मोठा फवारा न मारता थोड्या थोड्या पाण्याने तो थर थंड करणे, हे त्यांनी समजून केले. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १,७०० पट होते. बंद खोलीत उगाच मारलेले पाणी वाफ होऊन जवानाच्याच अंगावर येते, हे वर्गात ऐकलेले वाक्य तिथे प्रत्येकाला कानाच्या पाळीवर जाणवले.

तिसरा गट आत असताना सायरन वाजला. मी त्या वेळी वाऱ्याच्या दोरीकडे पाहत होतो. इशारा माझा नव्हता. राखीव पथकात होज धरून उभ्या असलेल्या, नुकत्याच भरती झालेल्या एका मुलीला पायाजवळचा होज मऊ पडल्याचे जाणवले. तिने आधी टाचेने दाबून पाहिले, मग ब्रांच किंचित उघडली. पाण्याची धार हातभरच पडली. तिने कोणालाही विचारत न बसता हात वर करून “थांबा!” असे ओरडून सांगितले आणि बंबावरच्या माणसाने तीन आवाज दिले. आतले सर्वजण शिकवल्याप्रमाणे होजच्या कडेने बाहेर आले, बिल्ले मोजले गेले, झाडाखाली सर्व हजर होते. हौदातल्या पंपाच्या गाळणीला शेवाळाचा जाड थर चिकटला होता. आत जाणाऱ्या पथकाच्या होजमध्ये पूर्ण दाब होता, आग लहान होती आणि कदाचित काहीच झाले नसते. एका वरिष्ठांच्या चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट दिसत होती, कारण रचलेले लाकूड वाया गेले होते. लाकूड पुन्हा रचता येते. मी सर्वांसमोर त्या मुलीचे अभिनंदन केले आणि तिला काय जाणवले ते तिच्याच तोंडून सर्वांना ऐकवले. गाळणी बदलून, तिला वेताच्या टोपलीचे आवरण देऊन, दाब स्थिर असल्याची खात्री होईपर्यंत पुढची आग लावली नाही. त्यानंतर ऊन चढू लागल्यामुळे शेवटच्या गटाचा आतला सराव रद्द करावा लागला. त्या जवानांना वाईट वाटले, आणि ते मला समजत होते.

बाहेर आलेल्या प्रत्येकाला सावलीत बसवून पोशाख कमरेपर्यंत उतरवला जात होता. बर्फाच्या लाद्या टाकलेल्या टबात कोपरापर्यंत हात बुडवून ठेवले की शरीर लवकर थंड होते. मीठ घातलेले ताक आणि साखर-मिठाचे पाणी शेजारीच होते. वीस मिनिटांनी नाडी पाहूनच पुढचे काम. एका जवानाची नाडी तेवढ्या वेळात खाली आली नाही. त्याला काही त्रास होत नव्हता, तरी डॉक्टरांनी त्याला दिवसभरासाठी थांबवले. १०८ ची रुग्णवाहिका फाटकाशी उभी होती आणि ती कोणत्याही कारणाने निघाली तर सराव तिथेच बंद होईल, हे आधीच जाहीर केले होते.

कारखान्यांच्या पथकांसाठी रुईच्या गाठीचा सराव आवाराच्या मोकळ्या कोपऱ्यात घेतला. हा भाग माझ्या दृष्टीने त्यांच्या सर्वांत उपयोगाचा होता. १७० किलोंची दाबलेली गाठ वरून विझली तरी आत धुमसत राहते, आणि बाहेरून मारलेले पाणी तिच्या आत शिरत नाही. पाण्यात थोडा धुण्याचा साबण विरघळवला तर ते मुरते. गाठ फोडायची, तर तिच्या भोवतीच्या लोखंडी पट्ट्या तोडाव्या लागतात. दाबाखाली असलेली पट्टी तुटताच चाबकासारखी उसळते. म्हणून चेहऱ्यावर जाळीची ढाल, जाड हातमोजे, कापणारा माणूस गाठीच्या टोकाशी आणि समोर कोणीही नाही, असे एकेका पट्टीला सांगून करून घेतले. फोडलेली रुई पसरून भिजवली, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्यावर पहारा ठेवला. रात्री उशिरा पहाऱ्यावरच्या माणसाला एका ढिगातून पुन्हा धूर येताना दिसला, आणि त्याने जवळ ठेवलेल्या होजने तो विझवला.

आग विझल्यानंतरही श्वसनयंत्र काढू नये, कारण धुमसणाऱ्या राखेतून कार्बन मोनॉक्साइड येतच राहतो. खोली तपासणाऱ्या प्रशिक्षकांनी मास्क तसेच ठेवले होते. त्यांनी पाहिले, की खडूने आखलेल्या कोपऱ्यात स्लॅबचा परातीएवढा पापुद्रा गार होताना सुटून खाली पडला होता. सर्व पोशाख जागेवरच पाण्याने धुतले, पिशव्यांत भरले आणि दलाच्या केंद्रावर नेले. काजळी लागलेला पोशाख घरी, मुलाबाळांच्या कपड्यांजवळ न्यायचा नाही, हे प्रत्येकाकडून कबूल करून घेतले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामाचा समावेश कर्करोगकारक व्यवसायांत केला आहे, आणि आपल्या जवानांना अजून ते फारसे कोणी सांगत नाही, याची मला खंत आहे.

संध्याकाळच्या बैठकीत सर्वांत कनिष्ठ जवानाने प्रथम बोलायचे, असा क्रम ठेवला. त्यातून दोन गोष्टी समजल्या, ज्या मला दाराबाहेरून दिसल्या नव्हत्या: आत धुरात खडूची रेघ दिसेनाशी होते, आणि मास्क लावल्यावर सायरन ऐकू येतो पण त्याचे आवाज मोजता येत नाहीत. अहवालात मी लिहिले, की त्या ऑफिसमध्ये यापुढे आग लावू नये. रेघेऐवजी जमिनीवर दोर ताणावा. थांबण्याच्या इशाऱ्यात खंड नसावा, सर्वजण बाहेर येईपर्यंत सायरन सलग वाजवावा. आणि हौदावरच्या पंपाला दर गटानंतर दोन मिनिटे थांबवून गाळणी पाहावी. ज्या गटाचा सराव राहिला, त्याला तो दिवाळीनंतर, थंडीत द्यावा आणि तोपर्यंत त्या जवानांना प्रत्यक्ष आगीवर पहिल्या फळीत पाठवू नये, ही शिफारस नगरपालिकेने मान्य केली आहे.